सूज येते ती कळते, उतरते ती कोणामुळे?

ओहोटीला खाडीत कालवं काढताना शिंपलीची धार बोटाला लागली, ही कोकणात कुणाला सांगण्यासारखी गोष्ट नव्हे. बाई बोट धुते, घरी येऊन हळद दाबते आणि चुलीकडे वळते. दोन-तीन तासांत बोट लाल होतं, गरम लागतं, रात्री ठणकतं आणि सकाळी सुजून टम्म झालेलं असतं. लाली, सूज, उष्णता, वेदना ही दाहाची चार लक्षणं सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने पहिल्या शतकातच लिहून ठेवली आहेत. मग तीन-चार दिवसांत बोट पुन्हा होतं तसं होतं.

आमच्या वाडीतल्या एका काकींनी यावर मला विचारलं होतं, "मास्तरांनू, सूज इली कशी ता कळला, पण गेली खंय?" मी ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत आलोय, आणि परीक्षेत कधी न येणारा हा प्रश्न मला परीक्षेतल्या प्रश्नांपेक्षा चांगला वाटतो. सूज कशी येते यावर मुलं पान भरून लिहितात. ती का थांबते यावर "जंतू मेले म्हणून" एवढं एकच वाक्य. ते वाक्य खोटं नाही, पण अपुरं आहे. जंतू मेले तरी पेशींनी सुरू केलेलं काम आपोआप बंद पडत नाही. ते बंद पाडावं लागतं आणि त्यासाठी शरीरात वेगळी व्यवस्था आहे. त्या व्यवस्थेचा मोठा भाग आरएनएवर, म्हणजे जनुकाच्या कामापुरत्या काढलेल्या प्रतीवर चालतो.

आधी सूज कोण आणतं ते पाहू. कातडीखाली मॅक्रोफेज नावाच्या पांढऱ्या पेशी ठाण मांडून बसलेल्या असतात. जखमेतून जीवाणू आत आला की त्या त्याला ओळखतात आणि काही प्रथिनं बाहेर सोडतात. त्यांतलं सगळ्यात दांडगं म्हणजे ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर, म्हणजेच टीएनएफ. टीएनएफ आलं की आसपासच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि झिरपू लागतात, पाणी मांसात उतरतं, रक्तातल्या इतर पांढऱ्या पेशी तिथे गोळा होतात. बोटापुरतं हे घडलं तर ते औषधच आहे. तेच सगळ्या अंगात एकदम घडलं तर रक्तदाब कोसळतो आणि माणूस दगावू शकतो. आणि थोडं थोडं करत महिनोन् महिने चालू राहिलं तर भूक मरते, वजन उतरतं, सांधे कुरतडले जातात.

म्हणजे टीएनएफ हवं तर खरं, पण लगेच हवं आणि लगेच थांबायलाही हवं.

प्रथिन बनवण्याची रीत शाळेत शिकवलेली असते. पेशीच्या केंद्रकात डीएनए असतो. त्यातल्या हव्या त्या जनुकाची एक प्रत काढली जाते. ही प्रत म्हणजे मेसेंजर आरएनए, १९६१ साली शास्त्रज्ञांच्या हाती लागलेला. ती प्रत केंद्रकाबाहेर जाते, रायबोसोम ती वाचतात आणि वाचतील तसं प्रथिन तयार होतं. शाळेत एवढ्यावरच धडा संपतो आणि खरी गोम तिथेच राहून जाते: एकाच प्रतीवरून पुन्हा पुन्हा प्रथिन बनतं.

मालवणातली एखादी खानावळ डोळ्यांसमोर आणा. गल्ल्यावरून "सुरमई थाळी" अशी चिठ्ठी आत जाते, आचारी ती खिळ्याला अडकवतो. फरक एवढाच, की इथला आचारी थाळी झाली तरी चिठ्ठी काढत नाही. खिळ्यावर चिठ्ठी आहे तोवर तो थाळ्यांमागून थाळ्या वाढतच राहतो. अशा खानावळीत किती थाळ्या बाहेर येतील हे दोन गोष्टींवर ठरेल: गल्ल्यावर किती चिठ्ठ्या लिहिल्या आणि प्रत्येक चिठ्ठी किती वेळ खिळ्यावर टिकली. पेशीतल्या आरएनएचा हिशोब नेमका असाच आहे.

आता थोडं गणित करू. समजा, पेशीत टीएनएफच्या १,००० चिठ्ठ्या आहेत आणि नवीन लिहिणं या क्षणी बंद झालं. दर अर्ध्या तासाला निम्म्या चिठ्ठ्या फाटत असतील तर चार तासांनी चारच्या आसपास उरतील. तेच निम्म्या व्हायला दोन तास लागत असतील तर चार तासांनी अजून २५० चिठ्ठ्या लटकलेल्या असतील आणि त्यांच्यावरून टीएनएफ वाहत राहील. लिहिणं दोन्हीकडे एकाच क्षणी थांबलं होतं. फरक पडला तो फाडण्याच्या वेगाने.

पेशीत सगळ्या चिठ्ठ्यांचं आयुष्य सारखं नसतं. तयार होत असलेल्या लाल पेशींत हिमोग्लोबिन बनवणारा आरएनए चांगला टिकाऊ असतो, कारण ते काम सावकाश, सतत चालायचं. टीएनएफचा मात्र जन्मतःच अल्पायुषी. हे पेशीला कळतं कसं? याचा पहिला धागा १९८६ मध्ये सापडला. टीएनएफच्या आरएनएत, प्रथिनाचा मजकूर संपल्यावर पुढे जी शेपटी उरते, तिच्यात ए आणि यू या आरएनएच्या दोन रासायनिक अक्षरांची एक ठरावीक नक्षी परत परत येते: ए-यू-यू-यू-ए. या भागातून प्रथिन बनत नाही. पण दाह घडवणाऱ्या इतरही प्रथिनांच्या आरएनएत तीच नक्षी दिसली. हा शोध मांडणाऱ्यांत ब्रूस ब्यूटलर होते, त्यांना पुढे २०११ मध्ये नोबेल मिळालं, पण ते दुसऱ्या कामासाठी.

त्याच वर्षी ग्रे शॉ आणि रॉबर्ट कामेन यांनी या नक्षीचं काम दाखवून दिलं. प्रयोग इतका सरळ आहे की मी तो दरवर्षी फळ्यावर काढतो. पांढऱ्या पेशी वाढवणाऱ्या एका प्रथिनाच्या जनुकातून ही ए-यूची पट्टी त्यांनी कापून घेतली आणि सशाच्या ग्लोबिनच्या जनुकात, मजकुरानंतरच्या भागात चिकटवली. तो टिकाऊ ग्लोबिनचा आरएनए आता भराभर नष्ट व्हायला लागला. थोडक्यात, ही पट्टी म्हणजे चिठ्ठीच्या तळाला मारलेला "लवकर फाडा" असा शेरा.

गंमत म्हणजे १९८६ हे वर्ष दाहाच्या अभ्यासात दुसऱ्याच कारणाने गाजलं. रंजन सेन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी त्या वर्षी एनएफ-कप्पा-बी शोधलं, म्हणजे दाहाच्या चिठ्ठ्या लिहायला लावणारा मुख्य खटका. पुढची कित्येक वर्षं संशोधकांचा ओढा लिहिण्याकडे राहिला. फाडण्याचा विषय त्या मानाने मागे पडला, असं माझं मत आहे.

शेरा कळला, पण तो वाचून चिठ्ठी फाडणारा कोण? इथे पेरी ब्लॅकशियर या अमेरिकी डॉक्टर-संशोधकाची गोष्ट येते. १९९० मध्ये त्यांचा गट सुजेच्या वाटेलाही गेलेला नव्हता. इन्सुलिन दिल्यावर पेशीतली कोणती जनुकं झटक्यात जागी होतात, हे ते तपासत होते. त्यात एक अनोळखी प्रथिन सापडलं. त्याचं नाव ट्रिस्टेट्राप्रोलिन. जीभ वळत नाही, म्हणून सगळे टीटीपी म्हणतात. नाव ठेवून झालं, काम मात्र कळेना. अशा वेळी जीवशास्त्रज्ञ एक हुकमी उपाय करतात: ते जनुकच नसलेले उंदीर तयार करायचे आणि काय बिघडतं ते बघायचं.

ते उंदीर १९९६ मध्ये जगापुढे आले. पिल्लं जन्मली तेव्हा ठीक दिसत होती. काही आठवड्यांत त्यांचं वजन वाढेनासं झालं, अंगावरचे केस जागोजागी गेले, कातडी चिडली, पंजे सुजले, सांध्यांची हाडं झिजली. जंतूंची लागण हे कारण दिसत नव्हतं. या उंदरांना टीएनएफ निकामी करणारी प्रतिपिंडं लहानपणापासून टोचली तेव्हा यातलं जवळजवळ काहीच झालं नाही. म्हणजे एवढा सगळा उत्पात एकट्या टीएनएफच्या अतिरेकाने चालला होता. दोन वर्षांनी, १९९८ मध्ये, दुवा पक्का झाला: टीटीपी थेट टीएनएफच्या आरएनएवरच्या त्या ए-यू पट्टीला धरतं आणि तो आरएनए नष्ट करवतं.

उलट बाजूने पुरावा ग्रीसमधून आला. जॉर्ज कोलियास यांच्या गटाने १९९९ मध्ये टीटीपीला हात न लावता टीएनएफच्या जनुकातली फक्त ती पट्टी काढून टाकली. त्या उंदरांना संधिवात झाला आणि लहान आतड्याला क्रोन्स या आतड्याच्या दीर्घ दाहासारखा आजारही. मला या विषयातलं सगळ्यात बोलकं उदाहरण हेच वाटतं. या उंदरांचं टीएनएफ प्रथिन शंभर टक्के बरोबर आहे, मजकुरात एक अक्षर चुकलेलं नाही. फक्त "लवकर फाडा" हा शेरा पुसला गेला, आणि आयुष्यभराचा आजार मागे लागला.

टीटीपी स्वतः कात्री नव्हे. ते पट्टीला धरून ठेवतं आणि कापणाऱ्यांना बोलावतं. प्रत्येक चिठ्ठीच्या टोकाला नुसत्या ए-ए-ए-ए अक्षरांचं लांब शेपूट असतं, त्यानेच ती सांभाळली जाते. टीटीपीने बोलावलेली यंत्रणा आधी हे शेपूट खाते. शेपूट गेलं की आरएनए उघडा पडतो आणि दोन्ही टोकांकडून त्याचा फडशा पडतो.

आता काकींच्या प्रश्नाकडे. टीटीपी कायम जागं असेल तर सूज मुळात येणारच नाही आणि जंतूचं फावेल. म्हणून पेशीने एक हुशार सोय केली आहे. जंतू ओळखताच मॅक्रोफेजमध्ये पी-३८ नावाचा संदेशवाहक जागा होतो. त्याच्या हाताखालचं एक विकर टीटीपीवर फॉस्फेट नावाचा छोटा रासायनिक गट चिकटवतं. फॉस्फेट चिकटलेलं टीटीपी बांधल्यासारखं होतं, त्याला कापणाऱ्यांना बोलावता येत नाही. मग चिठ्ठ्या साठतात, टीएनएफ वाहू लागतं आणि बोट सुजतं. पण ज्या इशाऱ्याने टीएनएफच्या चिठ्ठ्या लिहिल्या गेल्या, त्याच इशाऱ्याने टीटीपीच्याही लिहिल्या जातात. सूज चढत असतानाच पेशीत टीटीपीचा साठा होत असतो, बांधलेल्या अवस्थेत. जंतू कमी झाले, इशारा मंदावला, की पी-३८ शांत होतो. पीपी-२ए नावाचं दुसरं विकर फॉस्फेट काढून टाकतं आणि साठलेलं टीटीपी एकदम मोकळं होऊन कामाला लागतं. काम संपल्याचा वेगळा निरोप कुणी द्यावा लागत नाही. सूज आणणाऱ्या आज्ञेतच सूज उतरवणारा माणूस बोलावलेला असतो.

टीटीपीच्या स्वतःच्या आरएनएवरही तोच "लवकर फाडा" शेरा आहे. टीटीपी टीएनएफच्या चिठ्ठ्या फाडतं आणि जोडीला स्वतःच्याही. काम उरकलं की फाडणाराही कमी होतो, म्हणजे पुढच्या जखमेच्या वेळी बोट सुजायला मोकळं.

हे काम एकटं टीटीपी करतं असं नाही. जपानमध्ये शिझुओ अकिरा यांच्या गटाने २००९ मध्ये रेग्नेज-१ दाखवलं, ते आयएल-६ या दाहकारक प्रथिनाचा आरएनए स्वतःच कापतं. मायक्रोआरएनए नावाचे चिमुकले आरएनएही चिठ्ठ्या दडपतात, त्यांच्या शोधासाठी २०२४ चं नोबेल व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रवकन यांना मिळालं. पण तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

याचा आपल्या दवाखान्यांशी संबंध काय? पुष्कळ आहे. डेक्सामेथासोनसारखी स्टिरॉइडं सूज झटकन उतरवतात, ती दोन वाटांनी. एक, दाहाच्या चिठ्ठ्या लिहिणं कमी करतात. दुसरी वाट आपल्या विषयाची: पी-३८ ला गप्प करणारं एक प्रथिन ती पेशीत वाढवतात, त्यामुळे दाहाच्या चिठ्ठ्या लवकर फाटतात. करोनाच्या काळात, २०२० मध्ये, ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे २८ दिवसांतले मृत्यू या स्वस्त औषधाने ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आले. ज्यांना ऑक्सिजनही लागत नव्हता त्यांना मात्र त्याचा फायदा दिसला नाही.

हेच स्टिरॉइड चुकीच्या हातांत पडलं की घात होतो. गुडघेदुखीवर "गावठी औषध" म्हणून दिलेल्या बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडल्याची प्रकरणं आपल्या देशात नवी नाहीत. आठ दिवसांत आजी चालायला लागते, म्हणून पुडी चालू राहते. मग तोंड सुजतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. आणि कळल्यावर घाबरून एकदम बंद करणं त्याहून धोक्याचं, कारण शरीराने स्वतःचं स्टिरॉइड बनवणं तोवर थांबवलेलं असतं. अशी पुडी चालू असेल तर ती घेऊनच डॉक्टरांकडे जावं, हळूहळू कमी करण्याचं गणित ते बसवतील.

वयोमानाने झिजलेला गुडघा वेगळा आणि आमवात, म्हणजे दाहाने सांधे सुजवणारा रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, वेगळा, हेही इथेच सांगून टाकतो. सकाळी उठल्यावर दोन्ही हातांची बोटं तासभर आखडलेली, छोटे सांधे सुजलेले, असं आठवड्यांमागून आठवडे चाललं तर ती झीज नसण्याची शक्यता मोठी. आमवातात टीएनएफ अडवणारी इंजेक्शनं १९९८ पासून बाजारात आहेत. त्यामागे लंडनमधल्या मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी १९९२ मध्ये रुग्णांवर सुरू केलेल्या चाचण्या आहेत. ही इंजेक्शनं चिठ्ठीला हात लावत नाहीत, वाढलेल्या थाळ्या दारातच अडवतात. ती सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची तपासणी करतात, तिचा कंटाळा करू नये. आपल्याकडे कित्येकांच्या अंगात टीबीचे जंतू वर्षानुवर्षं निजलेले असतात, त्यांना कोंडून ठेवण्याचं कामही टीएनएफच करतं.

पावसाळ्यात आमच्याकडे लेप्टोची, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाची भीती असते. लावणीच्या चिखलात उंदरांचं, गुरांचं मूत्र मिसळलेलं असतं आणि चिखल्यांनी फुटलेल्या पायांतून लेप्टोस्पायरा हा जीवाणू आत शिरतो. मघाशी ब्यूटलर यांच्या नोबेलचा उल्लेख केला, ते मिळालं टीएलआर-४ या प्रथिनाच्या कामासाठी. बऱ्याच जीवाणूंच्या आवरणातला एक रेणू टीएलआर-४ ओळखतं आणि दाहाचा इशारा देतं. लेप्टोस्पायराचं आवरण मात्र असं घडलेलं आहे की माणसाचं टीएलआर-४ ते ओळखत नाही. उंदराचं ओळखतं. उंदीर जंतू बाळगून धडधाकट फिरतो आणि माणसाच्या मात्र मूत्रपिंडावर, यकृतावर, फुप्फुसावर बेततं, यामागचं हे एक कारण मानलं जातं. तेव्हा लावणीच्या दिवसांत ताप, पोटऱ्या पिळवटणं आणि डोळे लाल हे तिन्ही एकत्र दिसलं की वाट न बघता सरकारी दवाखाना गाठायचा.

फोनवर फिरणाऱ्या "कोकमाने सूज जाते" या निरोपांबद्दलही मुलं विचारतात. त्यात थोडं तथ्य आहे. रातांब्याच्या सालीत गार्सिनॉल नावाचं द्रव्य असतं. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्रात तपस कुंडू यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं, की ते जनुकांच्या प्रती काढण्याच्या कामात अडथळा आणतं. म्हणजे ते फाडण्यावर नाही, लिहिण्यावर चालतं. पण ते सगळं परीक्षानळीत आणि काचेतल्या पेशींवर, शुद्ध केलेल्या द्रव्याने. सरबताच्या पेल्यातून सांध्यापर्यंत त्यातलं किती पोचणार? आणि त्या पेल्यात साखर किती घातलीय?

टीटीपीलाच हाताशी धरणारं औषध अजून औषधांच्या दुकानात आलेलं नाही. पी-३८ ला रोखणारी औषधं आमवातावर तपासून झाली आणि निराशाच हाती आली: गुण थोडाच आणि तोही टिकेना, वर यकृताला त्रास. संशोधक त्याचं एक कारण असं देतात की टीटीपीला बांधणारा पी-३८ टीटीपी बनवायलाही लावतो, त्याला सरसकट बंद केलं की दोन्ही जातं. म्हणून रोख आता खुद्द टीटीपीकडे वळला आहे. ब्लॅकशियर यांच्या गटाने २०१६ मध्ये टीटीपीच्या स्वतःच्या चिठ्ठीवरचा "लवकर फाडा" शेरा काढून टाकलेले उंदीर तयार केले. त्यांच्यात टीटीपी थोडं जास्त राहिलं, आणि संधिवात, सोरायसिससारखा कातडीचा दाह, मज्जासंस्थेचा दाह या तिन्ही प्रयोगांत ते बरेच सुरक्षित राहिले. माणसाच्या जनुकात अशी कापाकापी करून सूज आवरणं मात्र अजून दूरची गोष्ट आहे. इंग्लंडमध्ये अँड्र्यू क्लार्क यांच्या गटाने दुसरी वाट धरली: पीपी-२ए ला चेतवणारी द्रव्यं देऊन टीटीपीवरचे फॉस्फेट लवकर उतरवायचे. २०१७ मध्ये त्यांनी दाखवलं, की अशा द्रव्यांनी संधिवात झालेल्या उंदरांची सूज कमी होते. ज्या उंदरांच्या टीटीपीत फॉस्फेट चिकटण्याच्या दोन मोक्याच्या जागाच बदललेल्या आहेत, ते याच गटाच्या आधीच्या प्रयोगांत कोणत्याही औषधाशिवाय दाहापासून बचावले होते.